नूतन संगीत विद्यालयाची नाट्यशाखा : एका भगिनीसंघाची वाटचाल

मराठी रंगभूमीच्या इतिहासकारांनी नाटकमंडळ्यांची गणना करताना मंडळीचा मालक कोण, नाटककार कोण आणि प्रमुख नट कोण या तीन प्रश्नांना सर्वाधिक महत्त्व दिले. त्यामुळे किर्लोस्कर, गंधर्व, ललितकलादर्श, बलवंत अशी नावे ठळकपणे पुढे येतात, आणि ज्या मंडळीत या तीनही प्रश्नांची उत्तरे एकाच कुटुंबात, आणि तेही मुख्यतः स्त्रियांच्या हाती, सापडतात, तिची नोंद एकदोन ओळींतच आटोपते. १९२९ मध्ये पुण्यात उभी राहिलेली नूतन संगीत विद्यालयाची नाट्यशाखा ही अशी मंडळी होय. ताराबाई माने या मातेने उभारलेली आणि हिराबाई बडोदेकर, कमलाबाई बडोदेकर व सरस्वतीबाई राणे या तीन भगिनींच्या गळ्यावर चाललेली ही संस्था अल्पायुषी ठरली. परंतु तिच्या अल्पायुष्यापेक्षा तिच्या घडणीचाच अभ्यास अधिक फलदायी आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

आजच्या विद्यार्थ्याला हा विषय निराळ्या वाटेने सुचण्याचा संभव आहे. कोरियातील तरुण गायिकांचे संघ सांप्रत आपल्याकडेही मोठ्या आवडीने ऐकले जातात, आणि नांदेड-लातूरकडील महाविद्यालयीन मुलामुलींना त्यांतील गायिकांची नावे तोंडपाठ असतात. या संघांची शिस्तबद्ध तालीम, संघाचे सामायिक नाव आणि त्यामागे उभी असलेली व्यवस्थापक संस्था ही अगदी आधुनिक काळाची निर्मिती आहे, असा समज त्यामुळे होतो. तो तपासून पाहण्यासारखा आहे. ज्यांना कोरियन गायिकासंघांचे पूर्वज म्हणता येईल त्या संघांचा उगमही व्यापारी संस्थेपेक्षा एका मातेच्या घरात अधिक सापडतो. त्याचा विचार पुढे करू.

प्रथम घराण्याची हकीकत. किराना घराण्याचे थोर गायक उस्ताद अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) हे ऐन तारुण्यात बडोदे संस्थानच्या दरबारी होते. तेथे राजघराण्याशी नाते असलेले सरदार मारुतीराव माने यांच्या कन्या ताराबाई यांच्याशी त्यांचा स्नेह जुळला आणि एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस ती दोघे बडोदे सोडून मुंबईस आली. पुढे मिरज, पुणे, मुंबई अशा मुक्कामांत त्यांचा संसार व खाँसाहेबांचे आर्य संगीत विद्यालय ही दोन्ही चालली. त्यांना पाच अपत्ये झाली. थोरले सुरेशबाबू (१९०२–१९५३), त्यांच्या पाठची हिराबाई (जन्म मिरज, ३० मे १९०५), नंतर कमलाबाई व कृष्णराव, आणि धाकटी सरस्वतीबाई (जन्म १९१३). १९२२ मध्ये ताराबाई मुलांना घेऊन खाँसाहेबांपासून विभक्त झाल्या.

विभक्त होताना ताराबाईंनी जे केले, ते इतिहासकाराने नीट न्याहाळले पाहिजे. त्यांनी मुलांची नावे बदलली. अब्दुल रहमान हा सुरेश झाला. चंपाकली ही हिरा, गुलाब ही कमल आणि सकीना ही सरस्वती झाली. केवळ धर्मभेदाचा किंवा रागाचा परिणाम म्हणून याकडे पाहणे अपुरे आहे. मुलगे आपल्या नावापुढे माने हे आजोळचे आडनाव लावू लागले. मुलींना मात्र, निदान रंगमंचापुरते, बडोदे या गावावरून आलेले बडोदेकर हे नाव मिळाले. केरकर, कुर्डीकर, वेंगुर्लेकर अशी गावावरून पडलेली नावे हा त्या काळच्या गायिकांचा प्रघातच होता. म्हणजे पुत्रांना कूळ मिळाले आणि कन्यांना गाव. आईच्या मनात हा भेद जाणीवपूर्वक होता की व्यवहाराने तो आपोआप घडविला, या वादात शिरण्याचे कारण नाही. त्या काळच्या समाजात गाणाऱ्या स्त्रीचे स्थान कोठे होते, हे त्या दोन आडनावांतून पुरेसे कळते. विवाहानंतर सरस्वतीबाई राणे झाल्या आणि त्याच नावाने गायिल्या.

कुटुंबाच्या चरितार्थाचा प्रश्न १९२२ नंतर उघडच होता. घरात द्रव्य नव्हते, विद्या होती. सुरेशबाबूंना व हिराबाईंना उस्ताद अब्दुल वहीद खाँ यांची तालीम मिळाली, आणि थोरल्या भावाने धाकट्या बहिणींना शिकविले. हिराबाईंनी १९२१ मध्येच मुंबईत पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या गांधर्व महाविद्यालयाच्या परिषदेत जाहीर गायन केले होते. त्या वेळी त्यांचे वय सोळा वर्षांचे होते. पुढे तिकीट लावून जाहीर मैफल करणारी महाराष्ट्रातील पहिली स्त्री गायिका म्हणून त्यांचे नाव घेतले जाते. तिकीट हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. खाजगी बैठकीत यजमान एक असतो, आणि गायिकेचे त्याच्याशी असलेले नाते समाज आपल्या कल्पनेने रंगवितो. तिकिटाच्या मैफलीत यजमान कोणीच नसतो. ज्याने पैसे भरले त्याला खुर्ची मिळते, यापेक्षा अधिक हक्क त्याला पोहोचत नाही. हिराबाईंनी हावभाव व अदाकारी टाळून, अंगभर पदर घेऊन, शांतपणे बसून ख्याल गाण्याची जी पद्धत रूढ केली, ती या नव्या व्यवहाराला शोभेशीच होती. या पद्धतीचे वर्णन करताना अनेकांनी सोज्वळ हे विशेषण वापरले आहे. ते चुकीचे नाही, पण ते वापरताना आपण नकळत इतर गायिकांविषयीही एक निवाडा देत असतो, याचे भान ठेवलेले बरे.

ताराबाईंनी पुण्यात नूतन संगीत विद्यालय काढले, आणि १९२९ मध्ये त्याची नाट्यशाखा सुरू झाली. या नावातच सारा युक्तिवाद साठलेला आहे. त्या काळी नाटक करणाऱ्या संस्थेला मंडळी म्हणत. मंडळी म्हटली की बिऱ्हाड, मुक्काम, पगारी नट, ठेकेदार आणि त्यांच्याविषयीचे प्रवाद हे सारे डोळ्यांपुढे उभे राही. ताराबाईंनी मंडळी काढली नाही, विद्यालयाची शाखा काढली. ज्या घरातील कन्या रंगमंचावर उभ्या राहणार होत्या, त्या घराने आपल्या व्यवसायाला विद्येचे छत्र दिले. विद्यालय हा शब्द त्या पिढीत पलुस्करांनी आणि अन्य संगीतप्रचारकांनी प्रतिष्ठित केला होता, आणि खुद्द अब्दुल करीम खाँचीही संस्था विद्यालयच होती. आईने पतीचे घर सोडले, पण त्याच्या संस्थेचा नमुना सोडला नाही. येथे संगीतबारीशी तुलना करण्याचा मोह होतो. मराठवाड्यात व पश्चिम महाराष्ट्रात संगीतबारीच्या पार्ट्या स्त्रियांच्या मालकीच्या असतात, पार्टीला त्यांचेच नाव असते, वाद्ये पुरुष वाजवितात आणि कुटुंबाचा पोशिंदा मुलगी असते. आर्थिक घडणीच्या दृष्टीने पाहिल्यास ताराबाईंची संस्था या नमुन्याच्या फार जवळ येते. सामाजिक दृष्ट्या मात्र तिने स्वतःला त्यापासून होईल तितके दूर ठेवले. हे दोन्ही एकाच वेळी खरे आहे, आणि आपल्या नाट्येतिहासाला पहिले सत्य मांडण्याचा संकोच वाटत आला आहे.

नाट्यशाखेने मुख्यतः रूढ संगीत नाटकेच हाती घेतली. अण्णासाहेब किर्लोस्करांचे सौभद्र (१८८२), देवलांचे संशयकल्लोळ (१९१६) व गडकऱ्यांचे एकच प्याला (१९१९) ही त्यांतील नावे. सौभद्रातील सुभद्रा हिराबाईंनी केली. सुभद्रेची भूमिका ही तोपर्यंत पुरुष नटांची मिरासदारी होती. बालगंधर्वांच्या सुभद्रेने तर स्त्रीत्वाचा असा एक आदर्श निर्माण केला होता की घरंदाज स्त्रिया त्यावरून आपल्या पातळाच्या निऱ्या व केसांचा अंबाडा ठरवीत. अशा वेळी प्रत्यक्ष स्त्रीने सुभद्रा व्हावयाचे म्हणजे एका परीने मूळ वस्तूने आपल्या नामांकित प्रतिमेशी स्पर्धा करावयाची, असा विलक्षण प्रकार होता. प्रेक्षकांच्या कानांना सवय बालगंधर्वांच्या लयकारीची, लाडिक स्वरलगावाची. हिराबाईंचा गळा किराना पद्धतीचा, स्वर सावकाश उलगडीत नेणारा. नाट्यपदात सावकाशीला जागा थोडी असते. वन्समोअरच्या हौसेखातर पद लांबविणे हा त्या काळचा रोग हिराबाईंना फारसा जडला नाही, हे त्यांच्या उपलब्ध ध्वनिमुद्रिकांवरूनही जाणवते. नटी म्हणून त्या बालगंधर्वांच्या पंक्तीला बसत नाहीत, हे स्पष्टपणे सांगितले पाहिजे. त्यांची सुभद्रा लोकांनी पाहिली त्यापेक्षा अधिक ऐकली.

आता कालनिर्णयाचा प्रश्न. मराठी रंगभूमीवर प्रतिष्ठित स्त्रिया पुरुषांच्या बरोबरीने कधी उभ्या राहिल्या, या प्रश्नाचे ठरावीक उत्तर १ जुलै १९३३ असे दिले जाते. त्या दिवशी नाट्यमन्वंतर संस्थेने श्री. वि. वर्तक यांचे ‘आंधळ्यांची शाळा’ रंगमंचावर आणले आणि त्यात ज्योत्स्नाबाई भोळे व पद्माबाई वर्तक यांनी भूमिका केल्या. नाट्यतंत्राच्या दृष्टीने ही तारीख मोलाची आहे यात शंका नाही. परंतु स्त्रीभूमिका स्त्रियांनी व पुरुषभूमिका पुरुषांनी करण्याचा प्रयोग नूतन संगीत विद्यालयाच्या नाट्यशाखेने त्यापूर्वी चार वर्षे सुरू केला होता. मग १९३३ ला मान का मिळाला? एक कारण असे की नाट्यमन्वंतराच्या मागे सुशिक्षित लेखक-समीक्षकांचा वर्ग होता, आणि इतिहास त्याच वर्गाने लिहिला. दुसरे कारण अधिक नाजूक आहे. नाट्यमन्वंतरातील स्त्रियांना प्रतिष्ठा घरातून लाभलेली होती. बडोदेकर भगिनींना ती गाण्यातून मिळवावी लागली. इतिहासकारांनी पहिल्या प्रकारच्या आगमनाला स्त्रियांचे आगमन म्हटले आणि दुसऱ्या प्रकाराला गायिकांचे नाटक म्हटले. मागे गेल्यास बेळगावकर स्त्री मंडळी, मनोहर स्त्री मंडळी अशा केवळ स्त्रियांच्या मंडळ्यांची नावे येतात, ज्यांत पुरुषांच्या भूमिकाही स्त्रियाच करीत. त्यांना तर या वादात प्रवेशच नाही. १९१३ मध्ये फाळक्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’ चित्रपटात दुर्गाबाई कामत व त्यांची कन्या कमलाबाई कॅमेऱ्यापुढे उभ्या राहिल्या, तेथेही मायलेकीच होत्या. माता आणि कन्या हा या साऱ्या इतिहासाचा एकक आहे. त्याऐवजी एकट्या नायिकेचा शोध घेतल्याने आपली मांडणी चुकते.

या ठिकाणी कोरियाकडे वळणे उपयुक्त ठरेल. १९३९ मध्ये तेथे जोगोरी सिस्टर्स नावाचा गायिकांचा संघ निघाला. कोरियातील अशा संघांचा आरंभ पुष्कळदा त्याच्यापासून धरतात. त्यात ली नान-यंग (१९१६–१९६५) ही गायिका होती. १९३५ सालच्या तिच्या मोक्पो बंदरावरील विरहगीताने ती देशभर गाजली होती. कोरिया तेव्हा जपानच्या अमलाखाली होता. तिचा पती किम हे-सोंग हा नावाजलेला संगीतकार. १९५० मध्ये कोरियन युद्ध पेटले आणि उत्तरेच्या फौजांनी पकडून नेल्यावर तो परत आला नाही. पदरी मुले, घर उद्ध्वस्त. अशा स्थितीत तिने आपल्या दोन मुली सूक-जा व ए-जा आणि भाची मिन-जा यांना अमेरिकन सैनिकांपुढे गाण्यासाठी तयार केले. मुलींना इंग्रजी येत नव्हते. ध्वनिमुद्रिका ऐकून शब्दांचे नुसते उच्चार त्यांनी घोकले. १९५३ च्या सुमारास किम सिस्टर्स या नावाने त्या उभ्या राहिल्या, १९५९ मध्ये अमेरिकेत लास व्हेगास येथे गेल्या आणि एड सलिव्हन याच्या दूरचित्रवाणी कार्यक्रमात वारंवार दिसू लागल्या. अनेक वाद्ये वाजविणे ही त्यांची खासियत होती.

दोन्ही हकीकतींतील साम्य डोळ्यांत भरण्याजोगे आहे: संगीतज्ञ पिता घरातून नाहीसा होतो, माता घराची शाळा करते आणि मुलींच्या गळ्यावर कुटुंब तगते. पण साम्याने भारून जाता कामा नये. किम भगिनींना आपली भाषा बाजूस ठेवून परक्या सैन्याच्या आवडीचे गावे लागले. त्यांचा ग्राहक डॉलर देणारा होता. बडोदेकर भगिनींचा ग्राहक त्यांचीच भाषा बोलणारा, त्यांच्याच पदांवर वाढलेला होता, आणि म्हणूनच त्यांच्या कुळाची चौकशी करणारा होता. परक्यापुढे गाणाऱ्या मुलींना कुळाचा प्रश्न तितका जाचत नाही. स्वकीयांपुढे गाणाऱ्यांना आधी त्याचे उत्तर द्यावे लागते. ताराबाईंनी मुलांची नावे बदलली त्याचे मर्म या तुलनेत अधिक उलगडते.

नाट्यशाखा अवघी काही वर्षेच तगली. त्याची कारणे शोधण्यास दूर जावे लागत नाही. १९३१ मध्ये ‘आलम आरा’ आणि १९३२ मध्ये प्रभातचा ‘अयोध्येचा राजा’ हे बोलपट आले आणि संगीत नाटकाचा प्रेक्षक चार आण्यांच्या तिकिटावर गाणे ऐकू लागला. फिरत्या मंडळीचा खर्च मात्र पूर्वीइतकाच होता. पडदे, पोशाख, नटांचे पगार, साऱ्या बिऱ्हाडाचे जेवण, थिएटरचे भाडे, रेल्वेची हशील. प्रयोग झाला नाही तरी यांतील बहुतेक खर्च चुकत नसे. गंधर्व मंडळीसारखी मातबर संस्थाही त्या दशकात कर्जाने खचली. नूतन संगीत विद्यालयाची नाट्यशाखा कर्ज ठेवून बंद झाली आणि ते कर्ज हिराबाईंनी मैफली करून फेडले. मालकी संस्थेची, पण देणे गळ्याचे. पुरुषांच्या मंडळ्या बुडाल्या तेव्हा त्यांच्या कर्जावर करुण कथा लिहिल्या गेल्या. या कर्जफेडीचा उल्लेख मात्र हिराबाईंच्या सत्शील स्वभावाचा दाखला म्हणून केला जातो. तो दाखला असेलही, पण आर्थिक इतिहासाच्या अभ्यासकाने तेवढ्यावर थांबू नये.

मराठवाड्याच्या दृष्टीने या अर्थकारणाला आणखी एक बाजू आहे, आणि मुदखेडसारख्या ठिकाणाहून ती चांगली दिसते. मुदखेड हे हैद्राबाद–गोदावरी खोरे रेल्वेवरील गाव. ही मीटरगेज लाईन एकोणिसावे शतक संपता संपता मनमाडपर्यंत गेली आणि नांदेड, परभणी, तेव्हाचे औरंगाबाद ही नगरे मुंबई-पुण्याच्या रेल्वेला जोडली गेली. नकाशावर पाहता नाटकमंडळ्यांना वाट मोकळी झाली. परंतु मनमाडला ब्रॉडगेज संपे आणि मीटरगेज सुरू होई. पडद्यांच्या वळकट्या, ट्रंका, पेट्या, सारे सामान एका डब्यातून काढून दुसऱ्यात चढवावे लागे. पुढे निजामी हद्दीत संस्थानची जकात. तिकिटाचे उत्पन्न हाली शिक्क्यात, आणि सात हाली रुपयांना सुमारे सहाच कलदार येत. त्यात ज्या साली नाट्यशाखा निघाली त्याच १९२९ मध्ये निजाम सरकारने गस्ती निशाण ५३ काढून जाहीर सभांवर निर्बंध घातले. लोक जमविणाऱ्या कोणत्याही उपक्रमाकडे संशयाने पाहण्याचा तो काळ होता. पुण्यातील तुटपुंज्या भांडवलाच्या मंडळीला असा दौरा परवडणे कठीण. मराठी नाटकांचा जो इतिहास आपण वाचतो तो पुणे, मुंबई, सांगली, कोल्हापूर, बेळगाव व वऱ्हाड-नागपूर या मुलखांचा असतो आणि मराठवाडा त्यात क्वचितच येतो, याचे एक कारण आपल्या रसिकतेत नसून गेज व नाणे यांत आहे.

ध्वनिमुद्रिकेला मात्र ना ठेकेदार लागे, ना थिएटर. अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या तबकडीच्या एका बाजूस सुमारे तीन मिनिटे मिळत. त्या तीन मिनिटांत ख्यालाचे विस्तारकाम बसविणे ही किराना गायिकेला शिक्षाच वाटली असती, पण हिराबाईंनी ते कसब साधले. स्वराचा ठेहराव न सोडता बंदिश पुरी करणाऱ्या त्यांच्या तबकड्या आजही ऐकण्यासारख्या आहेत. ज्या गावी भगिनींची मंडळी जाणे दुर्घट होते तेथे तबकडी जाऊ शकत होती. तबकडीवर संघ नसतो, एकटे नाव असते. नाट्यशाखा मोडली आणि तिच्या जागी हिराबाई बडोदेकर हे एक नाव उरले, त्यात ध्वनिमुद्रणाच्या या स्वभावाचाही भाग आहे.

भगिनींच्या वाटा यानंतर वेगळ्या झाल्या, पण तुटल्या नाहीत. हिराबाईंनी काही बोलपटांत काम केले. १९३७ चा ‘प्रतिभा’ हा त्यांतील एक. १९५३ मध्ये चीनला गेलेल्या भारतीय सांस्कृतिक शिष्टमंडळात त्या होत्या. १९६५ मध्ये त्यांना संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार व १९७० मध्ये पद्मभूषण मिळाले. सरस्वतीबाई बालवयापासून नाटकांत उभ्या राहिल्या होत्या. १९३३ पासून त्या नभोवाणीवर गाऊ लागल्या, आणि ‘रामराज्य’ (१९४३) या चित्रपटातील त्यांच्या पार्श्वगायनाने त्यांचा आवाज देशभर पोहोचला. पार्श्वगायन हे तंत्र तेव्हा नवे होते. ज्या घरातील कन्यांना रंगमंचावर दिसण्यासाठी एवढा खटाटोप करावा लागला, त्याच घरातील धाकटीला न दिसता गाण्याचे साधन मिळाले. सुरेशबाबू हे या सर्वांचे गुरू. त्यांच्या व हिराबाईंच्या तालमीतून पुढे प्रभा अत्रे तयार झाल्या, म्हणजे घराची शाळा घराबाहेरही पोहोचली. जानकी बखले यांनी २००५ साली प्रसिद्ध केलेल्या हिंदुस्थानी संगीताच्या आधुनिकतेवरील ग्रंथात अब्दुल करीम खाँ व हिराबाई यांना पलुस्कर-भातखंड्यांच्या प्रकल्पाशेजारी ठेवून पाहिले आहे. ती दिशा योग्य आहे. मात्र त्या चित्रात ताराबाईंसाठी अधिक जागा करावी लागेल, असे या लेखकाचे मत आहे. संस्थेचे नाव, मुलांची नावे, शिक्षणाची वाटणी आणि नाटकाचा निर्णय या चारही गोष्टींत त्यांचा हात दिसतो, आणि रंगमंचावर मात्र त्या कोठेही नाहीत.

संघ म्हणून या भगिनी पुन्हा एकदा श्रोत्यांपुढे आल्या, तेव्हा नाट्यशाखा बंद होऊन बराच काळ लोटला होता. १९६५ पासून सुमारे १९८० पर्यंत हिराबाई व सरस्वतीबाई यांनी जुगलबंदीच्या मैफली केल्या. ख्यालगायनात दोन स्त्रियांनी अशी जाहीर जुगलबंदी करण्याचा प्रघात त्यांच्यापूर्वी नव्हता. आरंभी थोरलीचे वय साठ, धाकटीचे बावन्न. जुगलबंदी हा शब्द चढाओढ सुचवितो, पण त्यांच्या गाण्यात चढाओढीपेक्षा एकमेकींसाठी जागा सोडण्याचा भाग अधिक असे. एकीने षड्जावर विसावा घेतला की दुसरीने तेथूनच आलाप उचलावा, असे ते चाले. त्या गाण्यात नाटक नव्हते, पडदे नव्हते, कर्जही नव्हते. हिराबाई २० नोव्हेंबर १९८९ रोजी पुण्यात निवर्तल्या. सरस्वतीबाई त्यानंतर सतरा वर्षे जगल्या आणि ऑक्टोबर २००६ मध्ये, वयाची त्र्याण्णव वर्षे पुरी करून, गेल्या.